मेंढरं वळणारी कुत्री आणि घरातली पोरं

पुण्याच्या मैत्रिणीचा परवा फोन आला. "तुमच्याकडे बॉर्डर कॉली आहे ना? आम्हीही घ्यावी म्हणतोय. फार हुशार असते म्हणे. पिल्लूला छान सोबत होईल." पिल्लू म्हणजे तिची मुलगी, सव्वा वर्षाची आहे. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा हा विषय नाही, आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हल्ली मेंढरं वळणाऱ्या या जातीची कुत्री बरीच दिसू लागली आहेत, म्हणून सविस्तरच लिहिते.

आम्ही राहतो ते हेक्सॅम इंग्लंडच्या उत्तर भागात, नॉर्थम्बरलंडमध्ये आहे. गावाबाहेर पडलं की दगडी बांध आणि मेंढरं. बॉर्डर कॉली याच मुलखातली. १८९३ साली इथल्या अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. तो फारसा आवाज न करता, नुसती नजर रोखून मेंढरं हलवायचा. आसपासच्या मेंढपाळांना त्याची पिल्लं हवीहवीशी झाली. आजच्या जवळजवळ सगळ्या कॉलींची वंशावळ मागे नेली तर त्याच्यापाशी पोचते. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं माणसांनी पिल्लं निवडली ती या एका गुणासाठी. घरात खेळायला सोबत म्हणून ही जात कुणी घडवली नव्हती.

आपल्याकडच्या धनगराच्या कुत्र्याचं काम वेगळं. तो लांडग्यापासून कळप राखतो. मेंढरं वळायचं काम धनगर स्वतः करतो. कॉलीला कळप हलवावा लागतो. शिकारी प्राणी आधी सावज हेरतो, मग दबा धरतो, पाठलाग करतो, आणि शेवटी पकडून मारतो. कॉलीत माणसाने पहिल्या पायऱ्या वाढवल्या आणि शेवटची दाबून ठेवली. दाबली आहे, नाहीशी झालेली नाही. हटून बसलेल्या मेंढीला कॉली कधीतरी दात लावतेच. इथे मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या स्पर्धा होतात, त्यात उगाच दात लावला तर कुत्रा बाद होऊ शकतो. इतकं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता अंगणात किंचाळत पळणारी दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. माझी मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीन. आमची कॉली नेल शेजारच्या शेतावरून आली. मुलं पळायला लागली की ती आधी खेळायचं थांबते. तोंड मिटतं. मान खांद्यांच्या खाली जाते, शेपटी खाली येते, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला तसाच राहतो आणि डोळे धाकट्याच्या पायांवर खिळतात. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत बसली आहे! पण पाहुण्यांची मुलं घरी आली असताना मला सगळ्यात सावध राहावं लागतं ते याच क्षणी. दोन सेकंदांत ती सुटते, अर्धगोल फेरी घेऊन मुलाच्या पुढे जाते, आणि तरी तो थांबला नाही तर पोटरीला किंवा टाचेला दात लावते. राग नसतो, द्वेष नसतो. पण तीन वर्षांच्या मुलाच्या पोटरीला ते काय कळणार?

म्हणून अडवायचं ते पळायच्या आधी. एकदा धाव सुरू झाली की हाक तिच्या कानापर्यंत पोचत नाही. मान खाली गेली रे गेली की मी शांतपणे "दॅट्ल डू" म्हणते. इथले मेंढपाळ काम थांबवून कुत्र्याला परत बोलावताना हेच म्हणतात. हे शब्द मुलं आसपास नसताना, स्वयंपाकघरात, चिकनचा तुकडा देऊन पक्के करून घेतले, आणि मगच अंगणात वापरले. ती माझ्याकडे आली की बक्षीस ठरलेलं. ओरडणं, मारणं, गळ्याला झटके देणं याने दबा धरायची ओढ जात नाही. मुलं आली की आपल्याला दुखतं एवढंच तिला समजतं, आणि ते फार वाईट. गुरगुरली म्हणून कुत्र्याला कधीही दटावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद केली तर पुढच्या वेळी सूचना न देताच चावेल.

मुलांनाही शिकवावं लागतं. आमच्याकडे 'झाड व्हायचं' असतं: नेल मागे लागली की जागीच थांबायचं, हात पोटाशी बांधायचे, नजर आपल्या बुटांवर. हलणारं काही उरलं नाही की तिचं कामच संपतं. ती चक्क गवत हुंगायला लागते. मुलीला हे छान जमतं. मुलाला आठवण राहत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा ठेवणंही चूक. त्याच्यासाठी फाटक आहे. जिन्याला लावतात तसलं लहान मुलांचं फाटक स्वयंपाकघराच्या दारात बसवलं आहे. आत तिचं अंथरूण. तिथे मुलांनी जायचं नाही, ती झोपली किंवा जेवत असली तर हात लावायचा नाही, तिच्या गळ्यात पडायचं नाही. बहुतेक कुत्र्यांना मिठी आवडत नाही. ओठ चाटणं, जांभई, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं म्हणजे "सोडा मला". आणि मोठं माणूस खोलीत नसेल तेव्हा फाटक बंद. फोन घ्यायला जायचं असलं तरी बंद.

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांना हे निष्ठुर वाटलं. नातवाच्या हातून सांडलेला शिरा नेलने चाटला तर बिघडलं कुठे, असं त्यांचं म्हणणं. शिऱ्यात बेदाणे होते. बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात, हे कळल्यावर मात्र जेवणाच्या वेळी फाटक लावायचं काम त्यांनीच घेतलं.

'दमवा म्हणजे शांत राहील' हा सल्ला सगळे देतात. मला तो अर्धाच पटतो. तास तास चेंडू फेकला की कुत्रा दमत नाही, त्याचा दम वाढतो, आणि पळत्या वस्तूमागे धावायची सवय आणखी घट्ट होते. लेझरचा ठिपका तर मुळीच नको. कॉलींना सावल्या आणि उजेड यांचा नाद लागतो, तो सुटता सुटत नाही. आमच्याकडे सकाळी लांब फेरी, दोरी सैल ठेवून, हवं तितकं हुंगू देत. दुपारी मुलगी स्वतःचा मोजा कुठेतरी लपवते आणि नेल तो शोधते. यात मूल पळत नाही आणि कुत्रीला डोकं चालवायला मिळतं. आणि मग झोप, भरपूर. कॉली आपणहून थांबत नाही, तिला थांबवावं लागतं.

इथे १९९१ चा धोकादायक कुत्र्यांचा कायदा आहे. २०१४ पासून घराच्या आत घडलेली घटनाही त्याखाली येते. म्हणून वाढदिवसाला मुलं जमली की नेल शेजाऱ्यांकडे जाते. ब्रिटनमध्ये कुत्र्यांत रेबीज नाही. भारतात मात्र घरच्या, लस टोचलेल्या कुत्रीचा दात लागून कातडी सोलली तरी जखम पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. खेळता खेळता लागला म्हणून सोडून द्यायचं नाही.

मैत्रिणीला मी आत्ता घेऊ नकोस म्हणून सांगितलं. पिल्लू नुकती चालायला लागली आहे, पडतझडत पळणार, किंचाळणार. त्याच वर्षी कॉलीचं पिल्लूही वाढणार आणि दोघांवर नजर ठेवायला ती एकटी. मुलगी सहा-सात वर्षांची होऊ दे. मग हवीच असेल तर वयात आलेली, आधी लहान मुलांच्या घरात राहिलेली कॉली शोध, आणि घ्यायच्या आधी तुझी मुलगी पळताना ती काय करते ते दोनतीनदा जाऊन बघ. मान खाली घालून रोखून बघत राहिली तर दुसरी बघ.