गुडघ्यावरचा हात

सांडलेली बटणं गोळा करून आई जमिनीवरून उठली. कशालाही न धरता. मी उठलो तो एक हात गुडघ्यावर, दुसरा पलंगाच्या कडेवर, आणि तोंडातून "आई गं!"

ती ७४ची. मी ४६चा.

"तू खाली बसतोसच कधी?" बटणं डबीत टाकत ती म्हणाली.

१९६१ साली हेफ्लिक या जीवशास्त्रज्ञाने दाखवलं, माणसाच्या पेशी काचपात्रात साधारण ४० ते ६० वेळा विभागतात, मग थांबतात. दर विभाजनात गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, आखूड होतात. मला हे फार सोयीचं वाटायचं. सगळं म्हातारपण पेशींवर ढकलता येतं! पण मांड्यांचे स्नायू न वापरल्याने आटले, त्याला टेलोमिअर काय करणार?

हे जमिनीवर बसून लिहितोय. उठायचं कसं, बघू.