मोघम म्हणजे काय हो?

तहसिलीतून परत आलेला कागद घेऊन माणसं येतात, शेऱ्यातल्या एका शब्दावर बोट ठेवतात आणि विचारतात, "भाऊ, हे मोघम म्हंजे काय?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी लोकांचे अर्ज लिहून देतो, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचाच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोलणं खरं असतं, पण त्यात कोण, कुठं, कधी, किती याचा पत्ता नसतो, ते मोघम. "खत, औषध, मजुरी मिळून वीस हजार गेले" हा मोघम हिशेब. संदिग्ध त्याहून वेगळं. "भावानं त्याच्या विहिरीतून पाणी नेलं" यात विहीर नेमकी कोणाची? दोन अर्थ निघतात, म्हणून संदिग्ध. आणि कोणी दुखावू नये म्हणून धड हो नाही, धड नाही नाही, ते गुळमुळीत.

आता तो कागद. एका काकांचा अर्ज होता : "माझ्या शेतात जाण्याचा रस्ता काही दिवसांपासून अडवला असून मला फार त्रास होत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती." शेरा आला, 'अर्ज मोघम स्वरूपाचा आहे.' काका भडकले. "मले सारं माहीत हाये. काट्या कोनं टाकल्या, कवा टाकल्या, कोन्या धुऱ्यावर टाकल्या. मंग मोघम कायचं?"

खरंच होतं त्यांचं. डोक्यात सगळं लख्ख होतं, कागदावर काहीच उतरलं नव्हतं. विचारत गेलो तसं निघत गेलं. वडिलांच्या काळापासून बैलबंडी तिथूनच जायची. काट्या पडल्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. उत्तरेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कपाशीची पऱ्हाटी संपते तिथं.

यातला प्रत्येक तपशील कामाचा. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जायचं, तेही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ता मुळातच नाही आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून नवा हवा, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. 'रस्ता मिळावा' एवढंच लिहिलं, तर साहेबांनी कोणतं कलम धरायचं? आणि 'काही दिवसांपासून' म्हटलं, तर सहा महिने मोजायचे कुठून?

मग लोक असं का लिहितात? एक तर सरकारी कागदांनीच ती भाषा शिकवली आहे. 'योग्य ती', 'आवश्यक ती', 'लवकरात लवकर' लिहिलं की अर्ज वजनदार झाला असं वाटतं. दुसरं कारण जास्त खरं. सगळं सांगून झाल्यावर काका हळूच म्हणाले, "नाव नोका लिहू ना भाऊ, चुलतभाऊ होय थो." धुरा एक, उद्या लग्नकार्यात पंगतही एकच. गावात मोघम बोलणं हा पुष्कळदा पडदा असतो. सोयरिकीत "घरी विचारून सांगतो" म्हटलं की समोरचा काय ते समजतो, कोणाची फजिती होत नाही. त्याला मी दोष देणार नाही. अर्जात मात्र हा पडदा चालत नाही. रस्ता कोणी अडवला ते लिहावंच लागतं, आणि लिहिलं.

मात्र हाच शब्द कार्यालयंही ढालीसारखा वापरतात. माहिती अधिकारात अर्ज केला की उत्तर येतं, 'मागितलेली माहिती मोघम स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' माहिती अधिकार अधिनियम २००५ मध्ये माहिती नाकारायची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत, त्यात मोघम कुठंच नाही. उलट कलम ५(३) सांगतं की माहिती अधिकाऱ्यानं अर्जदाराला वाजवी मदत करावी. म्हणजे नेमकं काय हवं ते अर्जदाराला विचारणंही त्यांच्याच कामात येतं.

तरी आपल्या बाजूनं फट ठेवू नये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. नमुन्यात विषय आणि कालावधी यांच्या जागा असतात, त्या कोऱ्या सोडू नका. 'पांदणीच्या (शेतरस्त्याच्या) कामाची सर्व माहिती' असं न लिहिता कोणतं वर्ष, कोणती पांदण, मोजमाप पुस्तिकेची प्रत हवी की बिलाची, ते लिहा. एवढं करूनही तेच उत्तर आलं, तर तीस दिवसांत प्रथम अपील करा. वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.