सुलटी बाजू

बुधवार, रात्री

आज वर्गाला अकराच जण. यादीत सत्तावीस. कारण कुणी विचारलंही नाही, पाण्याचा दिवस होता. उजनी धरण काठोकाठ भरो नाहीतर तळ गाठो, आमच्या सोलापुरात नळ यायचा तो चार-पाच दिवसांनीच, आणि आला की घरातलं एक माणूस मोटारीपाशी हवं. रिटायर माणसाला दुसरं काय काम, असं घरातल्या सगळ्यांचं मत. सर पहिल्या वर्षी महिन्याचं वेळापत्रक छापून वाटायचे. आता नळाचा अंदाज घेऊन आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाकतात.

वर्गाला नाव नाही. सगळे 'बुधवार' म्हणतात, शनिवारी भरला तरी 'बुधवार'च. कन्ना चौकाच्या अलीकडे एका मंगल कार्यालयाची वरची खोली आहे, ती लग्नसराईत मिळत नाही. बाहेरून शिकवायला कुणी येत नाही, ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना सांगायचं. सरांनी मागे सांगितलं होतं की 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' ही कल्पना फ्रान्समधल्या तूलूझ गावची, १९७३ सालची. तिथं वर्ग विद्यापीठातच भरायचे. इंग्लंडात पोचेपर्यंत त्यातून प्राध्यापक गळाले आणि म्हाताऱ्यांनीच एकमेकांना शिकवायचं ठरलं. हे ऐकून मिलवाले अण्णा म्हणाले, "मग आमच्या मागावर काय वेगळं होतं वो? नव्या पोराला शिकवायला प्रोफेसर यायचा काय?"

आजचा विषय हयातीचा दाखला, पेन्शन चालू राहायला दरवर्षी द्यावा लागतो तो. नोव्हेंबर आहे. 'जीवन प्रमाण' ही सरकारी ऑनलाइन सोय २०१४ साली आली तेव्हापासून अंगठा टेकवून दाखला निघतो, पण आमच्या भागात निम्म्या लोकांचा अंगठा उठतच नाही. अक्कांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा मारायचा, दिवसाला हजार. बोटाच्या पेरावर रेघच राहिलेली नाही, हात लावला तर काचेसारखं गुळगुळीत लागतं. गेल्या वर्षी एका कार्यालयातून त्यांना तीनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी खिडकीतला पोरगा म्हणाला, "आजी, हात साबणानं धुऊन या." अक्का धुऊन गेल्या. तरी नाहीच.

आता मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं. बँकवाल्यांनी अॅप उघडून दिलं, अक्का भिंतीला टेकून बसल्या. पडद्यावर गोल आला, त्यात तोंड बसवायचं आणि पापण्या मिटून उघडायच्या. अक्का मिटायच्या आणि मिटूनच ठेवायच्या, देवापुढे बसल्यासारख्या. चौथ्यांदा झालं. आमच्यापैकी काहींची पेन्शन ईपीएस म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली, तिथं नोव्हेंबरचं बंधन नाही, दाखला काढला त्या दिवसापासून वर्षभर चालतो. हे निम्म्यांना ठाऊकच नव्हतं, दरवर्षी दिवाळी संपली की रांगेत उभे. आणि पेन्शन तरी किती, २०१४ पासून किमान हजार रुपये, तो आकडा अजून तिथंच आहे. यावर अर्धा तास बोलणं झालं. त्यातलं इथं लिहिण्यासारखं फार थोडं.

बातम्या. बँकवाले संक्रांतीनंतर पुण्याला मुलाकडे कायमचे जाणार. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा बघून जाणार, नंदीध्वजांची मिरवणूक चुकवणार नाही, हे दोनदा सांगून झालं. कंडक्टरमामांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, काळा चष्मा घालून आले होते आणि सगळ्यांच्या केसांचा रंग नव्यानं सांगत होते. माझ्याबद्दल काय म्हणाले ते लिहीत नाही.

शनिवार

अण्णांबद्दल लिहायचं बरेच दिवस राहिलंय.

ते अकराव्या वर्षी मागावर लागले. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, व्यापाऱ्याशी हिंदी, आणि वाचायला यातलं काहीच नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तीस वर्षं कानाला हेडफोन लावून या गावाच्या चारी भाषा ऐकल्या, आवाजावरून माणूस कुठल्या पेठेतला ते सांगायचे. पण अण्णांना वाचता येत नाही हे कळायला मला सात महिने लागले. ते वही पुढे धरून बसायचे, पानं उलटायचे, मान हलवायचे. एकदा सरांनी दिलेला कागद त्यांनी उलटा धरलेला दिसला.

मी मोठ्या उत्साहानं त्यांच्यासाठी अंकलिपी आणली. कमळाचा क, खटाऱ्याचा ख. अण्णांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. "कमळ मला माहितंय की, ताई. माझी अक्षरं शिकवा." माझी म्हणजे कुठली, मला कळेना. दुसऱ्या दिवशी ते घरून चादर घेऊन आले.

जुनी चादर, तांबडी-पांढरी, कडेला मोरपंखी नक्षी, कोपऱ्यात विणलेलं नाव. ही अक्षरं त्यांनी उभ्या जन्मात किती वेळा विणली असतील! मागावर नक्षी उमटवायचं यंत्र म्हणजे जॅकार्ड, त्याच्या पुठ्ठ्यावर जिथं भोक तिथला धागा उचलला जातो, भोक नसेल तर खाली राहतो. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा. पुठ्ठे माळेसारखे ओवलेले, वरून फिरत राहतात आणि खाली अक्षर आपोआप उमटत जातं. विणणाऱ्याला ते वाचता यायची गरजच नाही.

सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, हे सगळ्यांना माहीत असतं. एका बाजूला जे तांबडं ते दुसऱ्या बाजूला पांढरं. पण अक्षरं एकाच बाजूला सरळ दिसतात, दुसऱ्या बाजूला आरशातल्यासारखी उलटी. अण्णांनी चादर टेबलावर पसरली, एकदा अशी, एकदा तशी. "यातली सुलटी कुठली?" मी दाखवली. त्यांनी परत पालटून बघितलं. मग सांगितलं की तरुणपणी एकदा पुठ्ठे ओवताना क्रम चुकला होता आणि नावाची अक्षरं मोडली होती. त्यांना दिसलंच नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येईपर्यंत साठ चादरी विणून झाल्या. नुकसान त्यांच्या मजुरीतून कापलं, आठवडाभर घरात आमटी-भाकरीवर भागवलं.

"पहिल्याच चादरीला माग थांबवला असता की," एवढंच म्हणाले आणि स वर बोट ठेवलं. स, ओकारासकट. सो. पहिलं अक्षर आम्ही तिथून काढलं. त्यामुळे अण्णांना काना-मात्रा क-ख च्या आधी आल्या. पुस्तकाच्या हिशेबानं सगळं चुकीच्या क्रमानं. चार महिन्यांत पाट्या वाचायला लागले. जोडाक्षर आलं की अजून थांबतात, हा कुठला प्रकार म्हणून माझ्याकडे बघतात. 'सिद्धेश्वर' या शब्दावर त्यांचा विशेष राग आहे.

रविवार, उशिरा

पाय सुजलेत, तरी लिहून ठेवते. हत्तरसंग कुडलला जाऊन आलो. दोन क्रूझर, चौदा जण, विजापूर रस्त्यानं चाळीसेक किलोमीटर. अक्कांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा घेतला होता. मंद्रूपच्या आधीच डबे उघडले, त्याला कारण कंडक्टरमामा.

गाडीत सर आणि बँकवाले यांची जुंपली. कुडलचा शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा, १०१२ म्हणतात. मग मराठीतला आद्य कुठला? बँकवाले अक्षीच्या बाजूनं, कारण त्यांची आजी तिकडची. सर कुडलच्या बाजूनं, कारण सर सोलापूरचे. शेवटी मागून अक्का ओरडल्या, "सहा वर्षांवरून काय भांडायलाव?"

भीमा आणि सीना इथं मिळतात, पलीकडे कर्नाटक. संगमावर वारा होता, पाणी भरपूर. हरिहरेश्वराच्या देवळातली बहुमुखी पिंड बघितली. तिच्यावर ३५९ मुखं आहेत. मामांनी नव्या डोळ्यांनी मोजायला घेतली, साठाच्या पुढं गेल्यावर गुरव काहीतरी बोलला आणि मोजणी चुकली. परत मोजली नाहीत. सगळे संगमेश्वराच्या देवळाकडे वळले.

शिलालेख तुळईवर आहे. मान वर करून बघावं लागतं आणि आमच्या वयात मान वर केली की चक्कर येते, म्हणून एकमेकांचे खांदे धरून उभे राहिलो. सरांनी छापील कागद आणला होता. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी हा लेख उजेडात आणला, त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलले आणि मग ओळ वाचली, "वाछि तो विजेया होईवा." जो हे वाचेल तो विजयी होईल.

टाळ्या वाजवायचं कुणाच्या तरी मनात होतं, पण देऊळ होतं. मी वर बघत राहिले. खरं लिहायचं तर मला तिथं एक अक्षर लागलं नाही. सरांच्या कागदावरची ओळ आणि दगडावरच्या रेघा यांचा मेळ बसेना. एम.ए.पर्यंत मराठी शिकलेली बाई मी. कंडक्टरमामांना नुसते ओरखडे दिसले. बँकवाल्यांनी मोबाइलचा दिवा टाकला, फोटो काढला, मोठा करून बघितला. 'व' वाटला ते 'च' निघालं, की उलट, यावर थोडं बोलून झालं.

अण्णा मागं उभे होते. मी त्यांना पुढं बोलावलं, जरा कौतुकानंच, त्याची आता लाज वाटते. मला वाटलं होतं की ते भारावतील. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "सर, हे कोरणाऱ्याला वाचता येत होतं का?"

सर म्हणाले, कोरणारा वेगळा आणि मजकूर लिहून देणारा वेगळा, असं बरेचदा असायचं. अण्णांनी मान हलवली.

"मग पुठ्ठे दुसऱ्याचे," ते म्हणाले, आणि नदीकडे चालायला लागले.

परतीच्या वाटेवर दोन्ही गाड्यांत सगळे झोपले. मला झोप आली नाही.

बुधवार

नळ कालच येऊन गेला, त्यामुळे आज एकोणीस जण. सरांनी जानेवारीचा कार्यक्रम सांगितला. १२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर बोलायचं आहे, १९३० चा मार्शल लॉ आणि १९३१ ची येरवड्यातली फाशी. दोघांच्या घरी त्या दिवसांबद्दल वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टी आहेत, त्या लिहून आणायला सांगितल्या. सभागृह मिळत नाही, कारण लग्नं. मासिक-बिसिक काही काढायचं का, यावर मतदान घेतलं, बारा विरुद्ध सात, नको.

अण्णा वर्ग सुटल्यावर थांबले. पिशवीतून चौकटीची वही काढली, गणिताची, नातवाची. बँकवाल्यांकडून फोटो मागून घेतला होता आणि दुकानातून मोठा छापून आणला होता. तो वहीशेजारी ठेवून त्यांनी तुळईवरची रेघ न् रेघ चौकटींमध्ये उतरवली होती, पेन्सिलीनं. भरलेली चौकट म्हणजे धागा वर, मोकळी म्हणजे खाली. चार पानं चिकटवून लांब पट्टी केली होती. कडेनं आडव्या ओळींना नंबर घातले होते. एका जागी खोडून परत काढलं होतं, कागद तिथं पातळ झाला होता.

"याचे पुठ्ठे पाडता येतात," म्हणाले. "ओळखीचा एक जण अजून पाडतो. चादर नाही, टॉवेलाएवढं करू. बँकवाले जायच्या आत." मग माझ्याकडे वही फिरवून पट्टीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. तिथं फोटोत सावली पडलेली आहे आणि रेघा एकमेकींत मिसळल्यात. "इथं अक्षर संपतंय का पुढं आहे, ते तेवढं सांगा. एक धागा चुकला की सगळं मोडतं."

मी चष्मा पुसून बघितलं. दिवा जवळ आणला. उद्या सरांकडे वही घेऊन जाते, असं सांगितलं. अण्णा म्हणाले वही ठेवा, पण पानं सुटी आहेत, दुमडू नका. ती आता टेबलावर, त्यांच्या चादरीखाली सरळ करून ठेवली आहे.