फेस फुगलेला नको, ओला हवा

दाढीनंतर गळा लाल होऊन चुरचुरू लागला की बहुतेक जण पात्याला दोष देतात आणि रेझर बदलून पाहतात. पात्याचा दोष कधी कधी असतोही. पण माझ्या मते खरी खोट पुष्कळदा त्याच्या आधी, फेस करतानाच राहून गेलेली असते. फेस भरपूर दिसतो, पांढराशुभ्र दिसतो, ब्रशवर ताठ उभा राहतो आणि तरीही तो कोरडा असतो. दाढीच्या फेसाची योग्यता त्याच्या फुगवट्यावर नव्हे, तर त्याने धरून ठेवलेल्या पाण्यावर ठरते.

याचे कारण केसातच आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो चिवट असतो. पाणी शोषले की तो किंचित फुगतो, मऊ होतो आणि त्याला कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. त्यासाठी कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटे पुरतात, म्हणूनच आंघोळ झाल्या झाल्या केलेली दाढी सहसा सुखाची होते. पाणी कढत मात्र नसावे, कारण त्याने पाते लागण्याआधीच त्वचा लाल होते. चेहरा तेलकट असेल तर तो आधी धुऊन घ्यावा, म्हणजे केसापर्यंत पाणी नीट पोहोचते.

अंगाला लावायच्या साबणाने दाढीचे काम भागत नाही. त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि पहिला गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचे विरून जातात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण भरपूर असते, त्यामुळे फेस बारीक कणांचा आणि टिकाऊ होतो. तो बनवताना पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलेले असल्यामुळे साबण मऊ राहतो आणि पाण्यात चटकन मिसळतो. शिवाय ग्लिसरीन असते, ते पाणी धरून ठेवते. डब्यातून दाबून काढायचा तयार फेस फुगतो तो मुख्यतः वायूमुळे. घाईच्या सकाळी तो वापरायला हरकत नाही, पण तो ओल्या चेहऱ्यावर लावून मिनिटभर तसाच राहू द्यावा.

आता प्रत्यक्ष फेसाकडे वळू. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर काही मिनिटे पाण्यात भिजवावा लागतो. कृत्रिम धाग्यांचा नुसता ओला केला तरी चालतो. त्यातले जास्तीचे पाणी झटकून साबणावर वीस-तीस सेकंद गोल फिरवावा. आधी मोठे, भुसभुशीत बुडबुडे येतात आणि थोड्याच वेळात त्यांची जागा घट्ट, चिकट, निस्तेज असा थर घेतो. बहुतेक जण नेमके इथेच थांबतात, कारण फेस झाल्यासारखा दिसतो. वास्तविक फेसाचे काम इथून सुरू होते. ब्रशची फक्त टोके पाण्याला लावावीत, पुन्हा घोटावे, पुन्हा टोके लावावीत, आणि हे थेंबाथेंबाने करत राहावे. हळूहळू तो निस्तेजपणा जाऊन फेसाला ओलसर चकाकी येते, बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात आणि ब्रश उचलल्यावर राहिलेले टोक ताठ न राहता अलगद वाकते. अजून शंका असेल तर थोडा फेस अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत घेऊन चोळून पाहावा: बोटे एकमेकांवरून निसटली पाहिजेत, ती ओढ धरत असतील तर पाणी कमी आहे. उलट फेस गालावरून ओघळू लागला आणि त्यात मोठी भोके दिसू लागली तर पाणी जास्त झाले आहे. अशा वेळी ब्रश पुन्हा साबणावर फिरवून आणावा.

फेस वाडग्यात करावा की थेट चेहऱ्यावर, यावर हौशी लोक तावातावाने वाद घालतात. चेहऱ्यावर ब्रश गोल फिरवल्याने खुंट उभे राहतात हे खरे, पण ज्याची त्वचा नाजूक आहे त्याला त्या घर्षणानेच आग होऊ शकते. त्याने वाडगे वापरावे. सगळे करूनही फेस बसत असेल तर पाणी तपासावे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, आणि तेवढा साबण फुकट जातो. साबण जास्त घेणे किंवा फेसापुरते पाणी उकळून, निवळून घेणे हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

फेस चांगला असला म्हणजे हात हलका ठेवता येतो, आणि जळजळ टाळण्याचा अर्धा भाग तिथेच आहे. दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर असेल तर त्याचा दांडा त्वचेशी साधारण 30 अंशांचा कोन करील असा धरावा आणि रेझरच्या वजनापलीकडे दाब देऊ नये. त्याआधी केसांचा कल ओळखावा. दोन दिवसांच्या दाढीवरून बोट फिरवले की ते कुठे गुळगुळीत सरकते आणि कुठे अडते हे कळते. गालावर केस बहुधा खाली जातात, पण गळ्यावर ते आडवे किंवा चक्क वरच्या दिशेने वाढलेले असतात, आणि गळा सर्वाधिक जळतो तो यामुळेच: आपण सवयीने वरून खाली जातो आणि नकळत पहिलाच हात उलटा मारतो. पहिला हात कलाच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा, एवढे पुरे असते. उलटा हात सोसत असेल त्यानेच मारावा. फेस निघून गेलेल्या जागेवरून ‘एवढेच राहिले’ म्हणून पाते पुन्हा पुन्हा फिरवणे सर्वांत वाईट, कारण त्यात केस थोडे आणि त्वचेचा वरचा थर जास्त निघतो.

पाते ओढू लागले की टाकून द्यावे. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असूनही पात्याच्या धारेचे सूक्ष्म टवके उडवू शकतो, हे अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले.

दाढीनंतर दिसणारा प्रत्येक लाल ठिपका जळजळीचा नसतो. कुरळ्या केसांचे कापलेले टोक वळून पुन्हा त्वचेत शिरते आणि तिथे फोड येतो. अनेक पात्यांचे रेझर केस ओढून त्वचेच्या पातळीखाली कापू शकतात, त्यामुळे हा त्रास वाढतो. अशांनी गुळगुळीत दाढीचा हट्ट सोडून ट्रिमरने थोडे खुंट ठेवावेत. फोडांत पू होत असेल किंवा व्रण राहत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

शेवटी गार पाण्याने चेहरा धुऊन टॉवेलने टिपावा, घासू नये. अल्कोहोल असलेले आफ्टरशेव्ह चुरचुरणाऱ्या त्वचेला आणखी कोरडे करते. त्यापेक्षा बिनवासाचे मॉइश्चरायझर बरे. ओली तुरटी फिरवून अर्ध्या मिनिटात धुऊन टाकली तर बारीक कापलेल्या जागेचे रक्त थांबते, शिवाय ती जिथे झोंबेल तिथे आज हात जड पडला होता हेही समजते. आग झालीच असेल तर लाली पूर्ण जाईपर्यंत त्या जागेला पाते लावू नये, आणि पुन्हा सुरुवात करताना काही दिवस कलाच्या दिशेने एकच हात मारावा.