घरात वाजवण्यासाठी ट्यूब ॲम्प निवडताना

इलेक्ट्रिक गिटार काही वर्षे वाजवून झाली की ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांनी (ट्यूबांनी) सिग्नल वाढवणारा ॲम्प, घेण्याची इच्छा होते, आणि दुकानात असो वा मित्रमंडळीत, पहिला प्रश्न हमखास वॅटचा निघतो. पाच वॅट पुरतील का, पंधरा जास्त होतील का, चाळीस वॅटचा जुना ॲम्प स्वस्तात मिळतो आहे तर तोच घ्यावा का? मला हा प्रश्न जरा मागे ढकलावासा वाटतो. ज्या स्वरासाठी आपण ट्यूब ॲम्प घेतो, तो स्वर ठरावीक आवाजाच्या पुढे गेल्यावरच मिळतो, आणि तेवढा आवाज आपल्याला काढता येणार आहे की नाही यावर बाकीची सगळी निवड अवलंबून असते. मी पुण्यात एका सोसायटीत राहतो. वर, खाली आणि एका बाजूला शेजार आहे. अधूनमधून ड्रम वाजवणाऱ्या मित्राबरोबर सरावाच्या खोलीत वाजवणे होते. पुढचे विवेचन याच परिस्थितीतून केलेले आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

ॲम्पमध्ये ट्यूब दोन ठिकाणी काम करतात. पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या गिटारवरच्या भागातून, येणारा क्षीण सिग्नल आधी प्रीॲम्पच्या लहान ट्यूब वाढवतात. या जागी बहुतेक ॲम्पमध्ये १२एएक्स७ असते, तिलाच युरोपात ईसीसी८३ म्हणतात. त्यानंतर पॉवर ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळून तो सिग्नल स्पीकर हलवण्याइतका दमदार करतात. सिग्नल पेलवेनासा झाला की ट्यूब त्याची टोके एकदम छाटत नाही, आधी ती दाबते, गोलावते आणि मग कापते. त्यामुळे तार हलकेच छेडली तर स्वर स्वच्छ राहतो आणि जोर दिला तर तो खरखरीत होतो. स्वच्छ आणि खरखरीत यांच्या मधला जो चिंचोळा पट्टा आहे, त्यातच ट्यूब ॲम्पची सारी गंमत आहे. प्रीॲम्पमधले डिस्टॉर्शन, म्हणजे ही खरखर, कमी आवाजातही मिळते. पॉवर ट्यूब दमू लागल्यावर मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मर, वीजपुरवठ्याचा विभाग आणि स्पीकरचा कागद हे सगळेच त्या स्वरात भाग घेऊ लागतात, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांत आपल्याला भुरळ घालणारा आवाज बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो.

आता थोडे गणित करू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. गिटारचा सर्वसाधारण बारा इंची स्पीकर एक वॅट शक्ती मिळाली की एक मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो. शक्ती दुप्पट केली की केवळ ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. याचा अर्थ असा की १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या ॲम्पपेक्षा सुमारे दुप्पटच मोठा ऐकू येतो, आणि २२ वॅटऐवजी ५ वॅटचा घेतल्याने जेमतेम साडेसहा डेसिबल वाचतात. दोन माणसांचे सामान्य बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. त्याहून किंचित वरच्या पातळीवर, समजा ६७ डेसिबलवर, वाजवायचे ठरवले तर ९७ डेसिबलच्या स्पीकरला वॅटचा एक हजारावा भाग शक्ती पुरते. पाच वॅटच्या एकुलत्या एका पॉवर ट्यूबला घाम फुटावा असे वाटत असेल तर शंभर डेसिबलच्या वर जावेच लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती परिसरातल्या आवाजाची मर्यादा असली तरी तिच्यावरून अंदाज यावा. तेव्हा 'घरासाठी म्हणून पाच वॅटचा घेतला' हे वाक्य मी जेव्हा ऐकतो, तेव्हा मला त्या माणसाच्या शेजाऱ्यांची आठवण येते.

यावर उपाय तीन आहेत आणि तिन्ही अपुरे आहेत. पहिला मास्टर व्हॉल्यूमचा: प्रीॲम्प जोरात चालवायचा आणि पुढे आवाज दाबायचा. मार्शलने १९७५ मध्ये हा खटाटोप आपल्या मोठ्या ॲम्पमध्ये आणला आणि १९८१ च्या जेसीएम८०० पासून तो हार्ड रॉकचा ओळखीचा स्वर झाला. दुसरा उपाय ॲटेन्युएटरचा, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून शक्ती उष्णतेत घालवणाऱ्या पेटीचा. थोडी मात्रा कमी करायला ती उत्तम चालते, पण वीस-पंचवीस डेसिबल खाली आणल्यावर स्वर चपटा लागतो. त्यात पेटीचा दोष असतोच असे नाही. कमी आवाजात आपल्या कानालाच खर्ज आणि तीव्र कंपने कमी ऐकू येतात, ही गोष्ट फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवली आहे. शिवाय या खटपटीत पॉवर ट्यूब पूर्ण ताकदीने चालत राहतात आणि लवकर झिजतात. तिसरा उपाय सर्वांत साधा, आणि मी तोच पत्करला: ॲम्प स्वच्छ स्वरासाठी निवडायचा आणि खरखर गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये जोडलेल्या, पायाने चालू-बंद करायच्या ओव्हरड्राइव्ह पेडलकडून घ्यायची. ज्यांना रात्री अकरा वाजता हेडफोन लावूनच वाजवायचे आहे त्यांनी तर ट्यूबच्या भानगडीत न पडता चांगले डिजिटल मॉडेलर, म्हणजे ॲम्पच्या स्वराची संगणकी नक्कल करणारे उपकरण, घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

एवढे ठरल्यावर मग घराण्यांकडे वळावे. घराणी ढोबळमानाने तीन. फेंडरचे अमेरिकी घराणे ६एल६ आणि ६व्ही६ या पॉवर ट्यूबांवर उभे आहे. साठच्या दशकातल्या त्यांच्या काळ्या पट्टीच्या ॲम्पमध्ये मध्यम कंपनांचा पट्टा मुळातच थोडा पोकळ ठेवलेला असतो, म्हणून स्ट्रॅटोकास्टरसारख्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या पिकअपच्या) गिटारचा स्वर त्यांवर घंटेसारखा निघतो. डिलक्स रिव्हर्ब म्हणजे दोन ६व्ही६, बावीस वॅट आणि बारा इंची स्पीकर. प्रिन्सटन रिव्हर्ब म्हणजे त्याच जोडीवर बारा वॅटच्या आसपास आणि दहा इंची स्पीकर. ट्विन रिव्हर्बमध्ये चार ६एल६ आणि पंच्याऐंशी वॅट असतात, आणि तो उचलून जिन्याने नेल्यावर त्याची लोकप्रियता थोडी कमी का झाली ते कळते.

मार्शलची कथा जास्त रंजक आहे. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलमध्ये वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल हे मूळचे ड्रमवादक. अमेरिकेतून येणारे फेंडर महाग पडत, म्हणून १९६२ मध्ये त्यांच्या दुकानातल्या तंत्रज्ञांनी फेंडर बासमन या ॲम्पचेच सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ तयार केला. बासमन खरे तर बास गिटारसाठी काढलेला होता, पण तोवर तो गिटारवाल्यांनीच उचलला होता. लंडनच्या या नकलेत पहिल्या जागी अधिक वर्धन करणारी ईसीसी८३ आली, पुढे पॉवर ट्यूब म्हणून ब्रिटिश केटी६६ आल्या, आणि उघड्या पाठीच्या पेटीऐवजी चार स्पीकरची बंद पेटी आली. सर्किट जवळजवळ तेच, तरी स्वर मात्र निराळा! नंतर ईएल३४ ट्यूब आल्या आणि हंबकर (दोन वेटोळ्यांच्या) पिकअपच्या गिटारशी या घराण्याची सोयरीक पक्की झाली. कागदावरचे सर्किट पाहून स्वराचा निवाडा करणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देतो.

तिसरे घराणे व्हॉक्सचे. डिक डेनी यांनी रचलेल्या एसी१५ मध्ये दोन आणि एसी३० मध्ये चार ईएल८४ ट्यूब असतात. या ॲम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक नसतो, म्हणजे बाहेर गेलेल्या सिग्नलचा अंश मागे आणून चुका सुधारण्याची सोय नसते, त्यामुळे स्वच्छ स्वरातून खरखरीत स्वरात जाणे हळूहळू होते आणि वरची कंपने चमकत राहतात. शॅडोज आणि बीटल्स या ब्रिटिश बँडांमुळे तो आवाज जगभर गेला. स्वच्छ कॉर्ड वाजवून त्यांवर गाणाऱ्याला मी डोळे मिटून एसी१५ सुचवीन, मात्र तो मोठा वाजतो हेही बजावून सांगेन.

जाता जाता एका लोकप्रिय समजुतीबद्दल. 'ट्यूब सम हार्मोनिक देते म्हणून गोड वाटते' असे छातीठोकपणे सांगितले जाते. सम हार्मोनिक म्हणजे मूळ कंपनाच्या दुप्पट, चौपट अशा सम पटींतली कंपने. प्रीॲम्पच्या ट्यूबमधल्या एकेका ट्रायोडबाबत (वर्धन करणाऱ्या एका घटकाबाबत) आणि एकाच पॉवर ट्यूबच्या छोट्या ॲम्पबाबत ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण वर सांगितलेले सगळे मोठे ॲम्प पुश-पुल पद्धतीचे आहेत, म्हणजे पॉवर ट्यूब जोडीने उलटसुलट काम करतात, आणि त्या रचनेत पॉवर विभागातच उत्पन्न झालेले सम हार्मोनिक परस्परांना छेद देऊन बरेचसे नाहीसे होतात. तेव्हा केवळ या एका कारणाने कोणी ॲम्प विकत असेल तर ऐकून घ्यावे आणि पुढे जावे.

स्पीकरकडे लोक जितके दुर्लक्ष करतात तितके दुसऱ्या कशाकडे करत नाहीत. माझा अनुभव असा की ट्यूब बदलल्याने पडणारा फरक कान देऊन शोधावा लागतो, तर स्पीकर बदलल्याने पडणारा फरक शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळतो. सेलेशनचा ग्रीनबॅक २५ वॅटचा, मधल्या पट्ट्यात थोडा खरबरीत आणि लवकर दमणारा आहे. त्याच कंपनीचा व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा, १०० डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणारा) आणि मध्य-तीव्र पट्ट्यात पुढे येणारा आहे. संवेदनशीलतेत तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पची शक्ती दुप्पट किंवा निम्मी केल्यासारखे आहे, म्हणून घरात वाजवणाऱ्याने मुद्दाम कमी संवेदनशील स्पीकर शोधण्यात शहाणपण आहे. स्पीकरचे ओहम ॲम्पच्या सॉकेटवर लिहिलेल्या आकड्याशी जुळवावेत आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नये, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि त्याची किंमत अनेकदा ॲम्पच्या किमतीशी तुलना करायला लावते.

आपल्याकडे आणखी एक बाब नीट पाहावी लागते, ती विजेची. नातेवाइकांकडून अमेरिकेतून ॲम्प मागवण्याचा मोह अनेकांना होतो; तिकडचा पुरवठा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपला २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे केवळ ६० हर्ट्झसाठी काटकसरीने बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे जास्त तापू शकतो. मागच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ असे लिहिले आहे का ते पाहावे, शक्यतो २३० व्होल्टचेच मॉडेल घ्यावे. व्होल्टेज चढते तेव्हा ट्यूबच्या फिलामेंटचे ६.३ व्होल्टही त्याच प्रमाणात चढतात. घरात २५० व्होल्ट येत असतील तर ते ६.८ च्या पुढे जातात, म्हणून अशा भागात स्टॅबिलायझर लावलेला बरा. अर्थिंग मात्र असलेच पाहिजे. साठच्या दशकातल्या दोन पिनांच्या ॲम्पला तंत्रज्ञाकडून तीन पिनांची वायर बसवून घेतल्याशिवाय हात लावू नये. आत ४०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो, तेव्हा पेटी उघडण्याची हौस ज्याला डिस्चार्ज करता येते त्यानेच करावी.

देखभालीचा विचारही खरेदीआधीच करावा. प्रीॲम्पच्या ट्यूब वर्षानुवर्षे टिकतात. पॉवर ट्यूब झिजतात आणि त्या जुळलेल्या जोडीने बदलाव्या लागतात. फिक्स्ड बायसच्या ॲम्पमध्ये त्या वेळी बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून किती विद्युतप्रवाह वाहावा ते ठरवणारी जुळणी, तपासून घ्यावा लागतो, एसी१५ सारख्या कॅथोड बायसच्या ॲम्पमध्ये ही कटकट सहसा नसते. आपल्या गावात ट्यूबचे काम जाणणारा माणूस नसेल तर हा मुद्दा स्वराइतकाच महत्त्वाचा ठरतो. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी रेडिओच्या ट्यूब बनवत असे, पण आता नव्या ट्यूब मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियन ट्यूबांचा पुरवठा अडखळला तेव्हा किमती चढल्या होत्या, म्हणून ॲम्पबरोबरच पॉवर ट्यूबची एक जोडी आणि एक १२एएक्स७ घेऊन ठेवावी.

मी शेवटी प्रिन्सटन रिव्हर्बच्या नव्या आवृत्तीवर थांबलो. दहा इंची स्पीकरमुळे खर्ज आवरता राहतो, घरात आवाज दोन-अडीचवर असतानाही स्वच्छ स्वर भरीव लागतो, आणि सरावाच्या खोलीत तो पाच-सहावर नेला की पॉवर ट्यूब बोलू लागतात. ड्रमवादक जोरकस असेल तर स्वच्छ स्वराला बारा वॅट कमी पडतात हे खरे आहे. त्या वेळी समोर मायक्रोफोन लावून पीएतून, म्हणजे खोलीतल्या ध्वनिक्षेपक यंत्रणेतून, आवाज घेतला की भागते. ज्यांना मायक्रोफोन मिळण्याची खात्री नाही, त्यांनी बावीस वॅटचा डिलक्स रिव्हर्ब घ्यावा.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी. सगळी बटणे मध्यावर ठेवून, पेडलशिवाय, आधी गिटारचा व्हॉल्यूम पाचवर ठेवून वाजवावे, मग दहावर न्यावा. या दोन टोकांत स्वर किती बदलतो त्यावरून ॲम्पची समज येते. एकच स्वर छेडून तो विरेपर्यंत ऐकावा. ॲम्प जमिनीवर असतो आणि वरची कंपने स्पीकरमधून सरळ पुढे जातात, त्यामुळे उभ्याने ऐकल्यावर स्वर मंद वाटतो आणि आपण ट्रेबल वाढवून बसतो. म्हणून खाली बसून, कान स्पीकरच्या पातळीवर आणून एकदा तरी ऐकावे. जुना ॲम्प असेल तर पेन्सिलच्या मागच्या टोकाने प्रत्येक प्रीॲम्प ट्यूबवर हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून टणकार आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालेली आहे आणि बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. पॉवर ट्यूबच्या मधली पत्र्याची पट्टी लाल तापलेली दिसली तर मात्र ताबडतोब बटण बंद करावे आणि तो ॲम्प तंत्रज्ञाने तपासेपर्यंत व्यवहाराची भाषा करू नये.