उसन्या कुबड्या

बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय सरकला आणि उजवा घोटा मोडला. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं बजावून मला घरी सोडलं. मग चालायचं कसं, हे मात्र कोणी दाखवलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी माळ्यावरच्या कुबड्या पुसून आणून दिल्या. त्यांच्या मुलाच्या अपघाताच्या वेळच्या. मुलगा चांगला उंच, मी जेमतेम पाच फूट. कुबड्यांची उंची कमी-जास्त करता येते हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. वरची गादी काखेत रुतायची. अंगाचा भार काखेवरच घ्यायचा असतो असं समजून मी तिच्यावर टॉवेल गुंडाळला आणि चालत राहिले. आठवड्याभरात उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग एक दिवस चहाचा कप उचलताना मनगटच लुळं पडलं. मोडलाय पाय, मग हात का जातोय? त्या रात्री मी फार घाबरले होते.

टाके काढायला गेले तेव्हा फिजिओथेरपीच्या ताईंनी मला दारातून येताना पाहिलं आणि तिथेच थांबवलं. "काकू, काखेवर भार अजिबात नको. सगळा भार तळहातांवर घ्या." काखेतून हाताकडे जाणारी नस दबली की मनगट वर उचलणारे स्नायू दुबळे होतात, हे त्यांनी माझाच हात धरून समजावलं. मग मला चप्पल घालून ताठ उभं केलं आणि कुबड्यांची बटणं दाबून उंची खाली आणली. काख आणि गादी यांच्यात दोन-तीन बोटांची जागा. हात खाली सोडला की कुबडीची मूठ मनगटाच्या रेषेशी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं. खालची रबरं झिजून गुळगुळीत झाली होती, तीही बदलायला लावली. हात पूर्ववत व्हायला पुढे तीन आठवडे गेले.

खरी परीक्षा जिन्याची. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईंनी घोकून घेतलं : चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, मग कुबड्या, उतरताना कुबड्या आधी खाली, मग चांगला पाय. कठडा भक्कम असेल तर एका हाताने तो धरायचा, दुसऱ्या काखेत एकच कुबडी, आणि उरलेली सोबतच्या माणसाकडे. माझा लेक काळजीपोटी दंड धरून वर ओढायचा. त्यानेच तर तोल जायचा. सोबत्याने नेहमी खालच्या बाजूला राहायचं आणि कमरेशी आधार द्यायचा, हे त्यालाही शिकवलं. प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांनी एकेक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. त्या खुर्च्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पायावर भार द्यायची परवानगी मिळाली तेव्हा हातात काठी आली. दुखरा पाय उजवा म्हणून मी ती उजव्याच हातात धरली. ती धरायची डाव्या हातात, आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकायची. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं झालं. मग मात्र घोट्यावरचा ताण हलका झालेला स्पष्ट जाणवला.

या सगळ्यात माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या चार वर्षं वॉकर वापरतात आणि खुर्चीतून उठताना तोच धरून अंग वर ओढतात. हलका वॉकर त्यांच्याकडे कलतो, हे मी रोज बघत होते आणि मला कळत नव्हतं. आता त्या आधी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठतात, उभ्या राहतात आणि मगच वॉकर धरतात.

काकांच्या कुबड्या गेल्या महिन्यात पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मागायला आल्या, त्यांच्या भावासाठी. "त्यांनाच वर पाठवता का?" म्हटलं, मग लक्षात आलं, ते कसे चढणार. मीच कुबड्या घेऊन खाली गेले आणि आधी त्यांना चप्पल घालायला सांगितली.