आमची वाटचाल : पिवळ्या पाटीच्या गाड्या

आमच्या टॅक्सी फर्मची प्रत्येक गाडी पहिल्या दिवसापासून पिवळ्या पाटीवरच, म्हणजे भाड्याच्या वाहनाच्या नंबरप्लेटवरच, धावली आहे, आणि हे मी अभिमानाने लिहितो. सुरुवात दोघांनी केली. बुकिंग आणि हिशेब माझ्याकडे होते, तर गाडी अण्णांची, त्यांच्याच नावावर टुरिस्ट परमिट असलेली आणि फर्मला अटॅच केलेली. अण्णांची कागदपत्रांची फाइल आजही आम्ही नव्या चालकांना दाखवतो. आरसी, परमिट, पासिंगचे (गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याच्या तपासणीचे) प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी यांना वेगवेगळे पारदर्शक कप्पे होते, आणि आतल्या पुठ्ठ्यावर प्रत्येक कागदाची मुदत लाल शाईने लिहिलेली असे. नव्या टॅक्सीचे पासिंग दोन वर्षे चालते, पुढे आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. त्या दिवशी गाडी रांगेत उभी राहते आणि मालक-चालकाची कमाई बुडते, म्हणून अण्णा मुदतीच्या महिनाभर आधीच तयारीला लागत.

मधली वर्षे बरी गेली. गाड्या वाढल्या, हप्ते फिटले.

मग आमच्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर एकाने खासगी, पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्याने फिरवायला सुरुवात केली. त्यांचे दर आमच्यापेक्षा कमी असणारच होते, कारण परमिट, वाहतूक वाहनाचा कर, व्यावसायिक विम्याचा वाढीव हप्ता, पासिंग, वेगनियंत्रक आणि 1 जानेवारी 2019 पासून नव्या टॅक्सींना आवश्यक झालेले ट्रॅकिंग यंत्र व आपत्कालीन बटण यांपैकी कशाचाही खर्च त्यांना नव्हता. मोटार वाहन कायद्यानुसार परमिटशिवाय भाडे मारणे गुन्हा आहे आणि त्यासाठी गाडी जप्तही होऊ शकते. तरीही त्या गाड्या दिवसाढवळ्या धावत राहिल्या, आमच्या लेखी तक्रारींना पोच मिळत राहिली आणि आमचे जुने गिऱ्हाईक एकेक करून तिकडे वळले. तपासणीत मात्र थांबवली जाई ती पिवळी पाटी, कारण कागद तपासायचे तर ते तिच्याकडेच असतात. हा सल आजही गेलेला नाही.

त्याच काळात अण्णा वारले. परमिटधारकाचा मृत्यू झाल्यास वारसाला तीन महिने त्याच परमिटवर गाडी चालवता येते, मात्र मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवावे लागते आणि परमिट नावावर करण्याचा अर्जही त्या तीन महिन्यांतच द्यावा लागतो. घरात दुःख असताना अण्णांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, हे सारे मुदतीत केले, कारण फाइलमध्ये एकही कागद शोधावा लागला नाही. परंतु वारसाचा दाखला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र येईपर्यंत तीन महिने उलटले, आणि सर्व नियम पाळलेली ती गाडी दारात उभी राहिली. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. इतर गाड्यांचेही भाडे घटल्यामुळे चालकांचे पगार थकले आणि फर्म बंद करण्याची वेळ आली.

आम्हाला तगवले ते एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. डायलिसिससाठी त्या आठवड्यातून तीनदा आमच्या गाडीने जात. स्वस्त गाडीचा निरोप त्यांनाही आला होता. त्याऐवजी त्यांनी आम्हाला पुढच्या महिन्याचे भाडे पाकिटात घालून आगाऊ दिले, पावती मागून घेतली, आणि परमिट हाती येईपर्यंत दर महिन्याला तसेच केले. त्या पैशांतून वहिनींच्या गाडीचे हप्ते गेले. बाईंचा निर्णय केवळ मायेचा नव्हता. खासगी वापराच्या विम्यावर भाडे घेतले तर विम्याच्या अटीचा भंग होतो, आणि अपघात झाल्यास भरपाईसाठी प्रवाशाला विमा कंपनीशी भांडत बसावे लागते, हे त्यांनी नीट समजून घेतले होते. प्रत्येक प्रवाशाने गाडीत बसण्यापूर्वी पाटीचा रंग पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आज ते परमिट वहिनींच्या नावावर आहे आणि गाडी त्यांचा मुलगा चालवतो. हलक्या मोटारीच्या परवान्यावर 7500 किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला आणि 2024 मध्ये घटनापीठाने तो कायम केला, त्याचा उपयोग अशा मुलांना झाला. या धंद्यात येणाऱ्यांनी एवढे मात्र करावे: जुनी टॅक्सी घेताना केवळ नोटरीच्या कागदावर व्यवहार करू नये. प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय परमिट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि गाडी आपल्या दारात व परमिट दुसऱ्याच्या नावावर अशा स्थितीत अडकलेले चालक मी पाहिले आहेत.

वारसाला कायद्याने तीस दिवसांची आणि तीन महिन्यांची मुदत घातली आहे. त्याचा अर्ज निकाली निघेपर्यंत गाडी चालू ठेवण्याची मुभाही असावी, अशी लेखी मागणी आमच्या सर्व चालकांनी सह्यांनिशी केली असून तिचा पाठपुरावा आम्ही सोडलेला नाही.